दारूचे कारण तिच्या प्रेमात शोधू नका

मायबहिणींनो, बाईवर जीव जडलेली एखादी बाई दारू पिते असे कळले की वस्तीत दोन गोष्टी ऐकू येतात. एक, "असल्या बायका दारुड्याच असतात." दुसरी, "लग्न लावून द्या, दोन्ही सुटेल." नर्सिंगमधून या कामात आलेल्या आम्ही सांगतो, दोन्ही समज खोटे आहेत.

पहिला समज परदेशातही होता. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९७५ साली एक पाहणी झाली. समलिंगी लोकांत जवळपास तिसरा हिस्सा दारूच्या आहारी गेला आहे, असे त्यातून पसरले. पण तो अंदाज बारमध्ये येणाऱ्यांवरून बांधला होता! त्या काळी या बायकांना बिनधास्त भेटायला बारशिवाय फारशी जागाच नव्हती. गुत्त्यावर उभे राहून मोजले तर आपली वस्तीही सगळी दारुडी ठरेल.

पुढे शिकागोत टोंडा ह्यूज या नर्स संशोधिकेने ४४७ लेस्बियन स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि वर्षानुवर्षे चालवला. नंतर त्यात बायसेक्शुअल, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांची ओढ असणाऱ्या, स्त्रियाही घेतल्या. अशा अभ्यासांत दिसले की दारूचा त्रास या स्त्रियांत इतर स्त्रियांपेक्षा जास्त आहे आणि बायसेक्शुअल स्त्रियांत बऱ्याचदा सर्वांत जास्त. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या लहानपणचा अत्याचार, भेदभाव, उदासी. अपमान माणसाला आतून कसा पोखरतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

म्हणून जबरदस्तीचे लग्न हा उपाय नाही. त्याने लपवणे वाढते, आणि लपवण्यासोबत पिणेही वाढू शकते. ही ओढ "बरी" करू म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार गैरवर्तन ठरवले आहेत.

मग करायचे काय? बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून तेवढीच दारू तिला जास्त बाधते. रोज भरपूर पिणारीची दारू घरी एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे, यात जीवही जाऊ शकतो. तिला सरकारी दवाखान्यात न्या. बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक ओढीवरून उपचारात भेदभाव करायला बंदी आहे.

दवाखान्यात दारूबद्दल खरे सांगा. तिचे प्रेम कुणावर, हे मात्र तिची परवानगी असल्याशिवाय कुणालाच सांगू नका, डॉक्टरलाही नाही.