फलकावरची शेवटची ओळ

लोणावळ्यात, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर, स्वातंत्र्यावर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. इथे सगळ्यांच्या डोक्यात शनिवार-रविवारची गर्दी असते. पण मी त्या गर्दीपासूनच सुरुवात करणार आहे.

एक साधा प्रश्न विचारतो. भुशी धरणाकडे जाताना, टायगर पॉइंटला, किंवा खाली पवना धरणाच्या काठावर मनाई आदेशाचे फलक तुम्ही पाहिले असतील. ‘पाण्यात उतरू नये’, ‘कायदेशीर कारवाई होईल’ वगैरे. असा एखादा फलक शेवटच्या ओळीपर्यंत कुणी वाचलाय? हात वर करा. ...दोन, तीन. ठीक आहे. आता, तो आदेश कधी संपतो हे कुणाला ठाऊक आहे? एकही हात नाही. लाजू नका, मलाही आठवत नव्हतं. आजचं व्याख्यान या न उठलेल्या हातांबद्दल आहे.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. मोबाइलवरचं ते चित्रीकरण तुम्ही पाहिलं असेल. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं. नंतर दोन-तीन दिवसांतच जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ, मुळशी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढला. खोल पाण्यात उतरायचं नाही, धबधब्याखाली बसायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढायची नाही.

मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. त्या आठवड्यात तो आदेश योग्य होता. मी त्या जागी असतो तर मीही काढला असता. स्वातंत्र्य म्हणजे वाहून जाण्याचं स्वातंत्र्य नव्हे. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या बंदीचं कारण चांगलं असतं, तिला आपण पुढचा एकही प्रश्न विचारत नाही. आणि आपल्या सवयी वाईट बंद्यांमुळे बिघडत नाहीत, चांगल्या कारणाच्या बंद्यांमुळे बिघडतात.

आता त्या तारखेकडे पुन्हा बघा. ३० जूनला दुर्घटना झाली. १ जुलै २०२४ ला देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. म्हणजे आपण सगळे भुशीच्या दुःखात होतो, त्याच रात्री ‘कलम १४४’ हे नाव इतिहासजमा झालं. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ते १४४ होतं, आपल्या १९७३ च्या संहितेतही १४४ च होतं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झालं. १९१७ मध्ये गांधीजींना चंपारण सोडून जायचा हुकूम मिळाला, तो याच १४४ खाली. म्हणजे राज्य बदललं, संहिता बदलली, शेवटी आकडाही बदलला, पण अधिकार तोच राहिला.

तेवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. असा आदेश मोडला तर शिक्षा काय? पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ मध्ये होती. साधा भंग असेल तर जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा २०० रुपये दंड. जिवाला धोका निर्माण झाला तर सहा महिने किंवा १००० रुपये. नव्या न्याय संहितेत ते कलम २२३ आहे. साधा भंग असेल तर सहा महिने किंवा २५०० रुपये. जिवाला धोका असेल तर एक वर्ष किंवा ५००० रुपये. दोन्हींत कैद आणि दंड एकत्रही होऊ शकतात. एक महिन्याचे सहा महिने झाले. तुमच्या-माझ्या घरी, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात यावर चर्चा झाली का? दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला तर होते की नाही?

आता हे कलम चालतं कसं, ते समजून घेऊ. कंटाळा करू नका, यातच सगळं आहे.

जिल्हादंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी लेखी आदेश काढतो. जिवाला धोका, दंगा, शांतताभंग अशी कारणं त्यात असू शकतात. ‘त्रास’ हेही कारण असू शकतं. तातडी असेल तर समोरच्याचं न ऐकता आदेश निघतो. तो एका माणसाला लागू होऊ शकतो, एका गावाला होऊ शकतो, किंवा एखाद्या जागी येणाऱ्या सर्वांना. एवढा मोठा अधिकार दिला म्हणून कायद्यानेच त्याला वेसण घातली. आदेशात कारण लिहायचं. मुदत दोन महिने, त्याहून जास्त नाही. वाढवायचाच असेल तर राज्य सरकारने वाढवायचा, आणि तोही आणखी सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात हे औषध होतं, जेवण नव्हतं.

याचा एक धाकटा भाऊही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. पाच किंवा जास्त लोकांनी जमू नये, काठ्या बाळगू नयेत, पुतळे जाळू नयेत, असा आदेश त्याखाली निघतो. सरकारच्या मंजुरीशिवाय मुदत पंधरा दिवस. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींची बातमी असते, ‘जिल्ह्यात जमावबंदी लागू’. पंधरा दिवस झाले की कुठला तरी सण, कुठली तरी परीक्षा, कुठली तरी निवडणूक असतेच. पुन्हा दोन ओळी येतात. आपण वाचतो आणि पान उलटतो.

यातून दोन गोष्टी होतात. दोन्ही इथल्याच उदाहरणांनी सांगतो.

पहिली गोष्ट. सतत असणारा आदेश कुणीच पाळत नाही. पाच माणसं जमू नयेत असा आदेश असताना लग्नाची वरात निघते, वाढदिवसाचे फटाके वाजतात, पुढाऱ्याचं स्वागत होतं. कुणाला काही होत नाही. मग आपण म्हणतो, जाऊ द्या हो, कागदावरच आहे. पण नीट विचार करा. सगळेच जो आदेश मोडतात, तो आदेश म्हणजे कुणालाही धरण्याचा परवाना असतो. वरातीवर गुन्हा दाखल होत नाही. पाण्याच्या टँकरसाठी कचेरीसमोर बसलेल्या वीस बायकांवर होऊ शकतो. आदेश तोच, कलम तेच. निवड मात्र दुसऱ्याच्या हातात. स्वातंत्र्य जातं ते इथे. ते कुणी काढून घेत नाही. ते आपल्याकडेच असतं, फक्त कुणाच्या तरी मर्जीवर असतं.

दुसरी गोष्ट. बंदी स्वस्त असते. धबधब्यापाशी रेलिंग बांधायला पैसे लागतात, जीवरक्षक नेमायला पगार लागतो, पूल बांधायला वर्षं लागतात. फलकाला काय लागतं? १५ जून २०२५ ला, आपल्या मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवार होता. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. तिथे धोक्याचा फलक होता. नव्या पुलाला मंजुरीही होती. नवा पूल तेवढा नव्हता. फलक लावला की जबाबदारी नकळत खांदा बदलते. कालपर्यंत प्रश्न होता, पूल का नाही? फलकानंतर प्रश्न होतो, तुम्ही गेलात कशाला? मेलेल्या माणसालाच जाब विचारायची सोय होते.

मग आपण गप्प का बसतो? आपण भित्रे आहोत म्हणून? मला तसं वाटत नाही. आपण गप्प बसतो कारण बंदी बहुतेक वेळा दुसऱ्यावर असते. भुशी संध्याकाळी बंद झालं तर गावातला माणूस म्हणतो, बरं झालं, ट्रॅफिक कमी होईल. पुण्या-मुंबईचा पर्यटक म्हणतो, चला, दुसरीकडे जाऊ. राहते ती तिथे कणीस भाजणारी, भजी तळणारी बाई. तिचा चार महिन्यांचा धंदा वर्षभर पुरवायचा असतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. आणि ती बाई तरी दुसऱ्या कुणावर बंदी आली तर बोलेल का? नाही बोलणार. जो तो आपापल्या पाळीपर्यंत प्रेक्षक.

ई-पास आठवतो? २०२० सालचा. इथून खंडाळ्याचा घाट उतरला की खोपोली. रोजची माणसं, रोजचे सोयरे. पण खोपोली रायगड जिल्ह्यात. मयतीला जायचं तर आधी मोबाइलवर अर्ज. त्या वेळी साथीचा धोका खरा होता, हे मान्यच. पण ज्या कायद्याचा आधार तेव्हा घेतला गेला, तो १८९७ चा साथरोग कायदा. प्लेगच्या वेळी केलेला. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, त्यावरून केवढा असंतोष उसळला, हे आपण शाळेत शिकलो. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा पुन्हा बाहेर काढला, तेव्हा आपण एवढंच विचारलं की पास लवकर कसा मिळेल. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला पासची अट गेली, आणि आपण विसरलो. किती अर्ज कुठल्या कारणाने नाकारले, याचा हिशेब कुणी मागितला नाही.

लोक मला म्हणतात, तुम्ही उगाच घाबरवता, आणीबाणी थोडीच आहे? बरोबर आहे, नाही. पण आणीबाणीची एक सोय होती, विचित्र वाटेल ऐकायला. तिला नाव होतं आणि तारीख होती. २५ जून १९७५ च्या रात्री ती आली. लोकांना कळलं की काहीतरी गेलं. म्हणून कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, अध्यक्षपदावर असलेल्या दुर्गाबाई भागवतांना तिच्याविरुद्ध उभं राहता आलं. म्हणून १९७७ मध्ये लोकांना मत देऊन निकाल लावता आला. हळूहळू जे जातं, त्याला तारीख नसते. मग निषेध कुठल्या दिवशी करायचा?

आपला मुलूख असा गप्प बसणारा नव्हता. डोंगरापलीकडे मुळशीत बघा. टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणासाठी जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. सेनापती बापट पुढे आले, तुरुंगात गेले. तिथेही कारण चांगलंच होतं बरं का. मुंबईला वीज हवी होती, गिरण्या चालायच्या होत्या. मावळ्यांचं म्हणणं साधं होतं, जमीन आमची आहे, आम्हाला विचारा. धरण झालं ते झालंच. पण त्या लढ्यातली एक गोष्ट मला जास्त बोचते. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर तिथल्या जमिनी होत्या, त्यांना मोबदला चालणार होता. कसणाऱ्याला तो चालणार नव्हता. लढा थकत गेला तो निव्वळ सरकारमुळे नव्हे, आपल्यातल्याच लोकांच्या ‘आपलं काय जातंय’मुळेही.

आणि अगदी जवळचं. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं. मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. त्या दिवशी महामार्गावर अडकलेल्या गाड्यांमध्येही माणसं होती. त्यांना उशीर होत होता. त्यातली काही म्हणाली असतील, या लोकांना रस्ता अडवायचा काय अधिकार? प्रश्न चूक नाही. पण रस्त्यावर येण्याआधी त्यांचं ऐकून घ्यायची जागा कुठे होती, हाही प्रश्न आहे. तो गाडीतून विचारला जात नाही.

कुणी म्हणेल, सगळं खरं, पण आम्ही करायचं काय? मोर्चा काढा असं मी सांगणार नाही. चार प्रश्न विचारा, कुठलाही आदेश आला की. एक, कारण काय लिहिलंय? दोन, तारीख कधी संपते? तीन, ज्यांचं पोट यावर आहे त्यांना विचारलं का? चार, बंदीच्या काळात दुरुस्ती काय करणार?

हे विचारायचा हक्क कायद्यातच आहे. कलम १६३ च्या आदेशाची झळ बसलेला कुणीही माणूस तो रद्द करावा किंवा बदलावा म्हणून अर्ज करू शकतो. मग दंडाधिकाऱ्याने त्याला लवकर म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यायची असतात. शिवाय १० जानेवारी २०२० ला, काश्मीरच्या निर्बंधांवर अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यात नेमकी कारणं हवीत, आणि पुन्हा पुन्हा आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. न्यायालयाने आपलं काम केलं. आता तो अर्ज कुणीतरी लिहायला हवा. कणीसवाल्या बाईला लिहिता येत नसेल, तर तुम्हाला येतं. एक पानाचं काम आहे.

भुशीला गेलेल्या त्या मुलांची आठवण ठेवायची तर फलक पाळाच. पाण्यात उतरू नका. पण थांबलाच आहात तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तारीख असेल तर लक्षात ठेवा. तारीख उलटून गेली असेल, किंवा लिहिलेलीच नसेल, तर दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारा. पुढच्या वर्षी मी इथे आलो आणि हाच प्रश्न विचारला, तर निदान दहा हात वर यावेत, एवढीच अपेक्षा.