बसकराचा नमुना आणि माणदेशी लोकर



सातारा जिल्ह्यातले माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातले आटपाडी-जत हा सारा कमी पावसाचा मुलूख. इथे शेताइतकाच मेंढरांचा आधार. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर धनगरांच्या घरी कातायची आणि सणगरांनी तिची घोंगडी विणायची, ही इथली जुनी वाटणी. म्हसवडची घोंगडी आपल्याला ठाऊक आहेच. पण आता घोंगडीचे गिऱ्हाईक रोडावले, मटणासाठी जतकडची पांढरी-तांबूस माडग्याळ मेंढी पुष्कळांनी जवळ केली, आणि कातरलेल्या काळ्या लोकरीला भाव उरला नाही. तेव्हा घरात दोन-चार लडी सूत पडून असले, तर दोन सुयांवर त्याचे एखादे बसकर विणावे, हा विचार चांगलाच आहे. अडते ते नमुन्यापाशी.

छापील नमुने असतात गिरणीच्या मऊ, बारीक लोकरीसाठी. मेरिनो लोकरीचा केस चोवीस मायक्रॉनहूनही बारीक असतो. आपल्या दख्खनी लोकरीचा त्याच्या सुमारे दुप्पट जाड. समजा, नमुन्यात लिहिले आहे, ‘90 टाके घाला, बसकर 45 सेंटिमीटरचे होईल.’ म्हणजे 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके धरलेले आहेत. आपल्या जाड सुताचे तेवढ्याच जागेत 12 टाके बसले, तर त्याच 90 टाक्यांचे बसकर होईल 75 सेंटिमीटरचे! सूत मध्येच संपणार हे उघड आहे. बरे, उसवावे म्हटले, तर हातकताईच्या सुताचे केस एकमेकांत गुंततात, धागा तुटतो. चरख्यावरची इतक्या दिवसांची मेहनत अशी वाया जाऊ द्यायची का?

म्हणून आधी वीस टाक्यांचा एक लहान तुकडा विणा. तो कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि मगच पट्टी लावा. लोकर धुतल्यावर आटते, म्हणून न धुतलेल्या तुकड्याचे माप फसवे असते. कडेचे टाके सोडून मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजा. बारा भरले, तर 45 सेंटिमीटरला 54 टाके. शिक्षकांनी हे त्रैराशिक जरूर वर्गात घ्यावे. पुस्तकातल्या हौदांपेक्षा मुलांना हे लवकर पटते. सुईचेही एक ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटर, चार नंबरची सहा. आपल्या सुताला चार नंबरची घेऊन पाहावी.

दुसरी दुरुस्ती विणीची. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी वीण स्वेटरला शोभते. बसकराला ती घातली की कडा गुंडाळतात. त्या विणीत सगळे फासे एकाच अंगाला ओढलेले असतात, म्हणून कापड वळते. प्रत्येक सुई सुलटच विणली, तर ओढ दोन्ही अंगांना सारखी होते आणि बसकर जमिनीला नीट टेकते. शिवाय ते जाडही होते, आणि बसायला तेच हवे.

आता याहून सोपी युक्ती सांगतो. तिच्यात टाक्यांचा हिशेबच नको. सुताचे तराजूवर तोलून दोन सारखे गुंडे करा. दोन टाक्यांनी सुरुवात करा, आणि प्रत्येक सुईच्या आरंभी एक टाका वाढवत, सगळे सुलट विणत चला. कोपऱ्यापासून त्रिकोण उमलत जाईल. पहिला गुंडा संपला की प्रत्येक सुईच्या आरंभी दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करायला लागा. दुसरा गुंडा संपता संपता चौकोन पुरा होतो. हा चौकोन काटकोनी कसा? तर या विणीत दोन सुयांची मिळून एक धार उठते, आणि तिची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. दर धारेला टाके वाढतात दोन, एकेका बाजूला एक. म्हणजे जितके वर, तितकेच बाजूला. दोन्ही कडा 45 अंशांत कलतात आणि कोपरा 90 अंशांचा होतो. बघा, भूमिती चुलीपाशीच बसली आहे!

टाका वाढवताना सुईवर नुसता धागा घेतला तर तिथे भोक राहते. रुमालाला ते नक्षी म्हणून चालेल, पण बसकरात पायाचे बोट अडकते. त्याऐवजी एकाच टाक्यात पुढून एकदा आणि मागून एकदा विणावे. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तशी इथे काही लावू नये. मागाची घासण इथे नसते, आणि खळीने हातातला धागा ताठ मात्र होतो.

विणून झाले की पहिल्या तुकड्याला सुताचे वजन, सुईचा नंबर आणि टाक्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. पुढच्या वर्षीची लोकर कातून झाली की तो तुकडा बाहेर काढून नवे सूत त्याच्याशी ताडून पाहा. जाड निघाले, तर सुई एक नंबर खाली घ्या.