राउटर भंगारात देण्याआधी अडॅप्टर तपासा

संध्याकाळी घरात सगळे जमले, टीव्ही आणि दोन-तीन मोबाइल एकदम सुरू झाले, की वायफाय राउटर आपोआप बंद पडून पुन्हा चालू होतो. दुपारी एकटे माणूस वापरत असेल तर मात्र त्याची काही तक्रार नसते. दिवे लागलेले दिसतात, त्यामुळे वीज नीट पोहोचते आहे की नाही, ही शंकाच कुणाला येत नाही. मग ‘जुना झाला, नवा घ्या’ असा सल्ला मिळतो आणि धडधाकट राउटर भंगारात जातो. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो सॉकेटमध्ये खोचलेल्या अडॅप्टरचा.

पूर्वीचे अडॅप्टर जड असत, कारण त्यांत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असे. आजचा हलका अडॅप्टर म्हणजे छोटा एसएमपीएस. तो घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेची आधी डीसी करतो. तेव्हा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवली जाते. शेवटी उरलेले चढउतार कपॅसिटर सपाट करतात आणि पिनेतून १२ व्होल्ट बाहेर पडतात.

या साखळीत आधी थकतो तो बहुधा कपॅसिटरच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. त्याच्या अंगावर ‘१०५ अंश’ छापलेले असते. साध्या प्रतीच्या कपॅसिटरचे त्या तापमानाला आयुष्य २००० तास धरतात आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते दुप्पट होते. म्हणजे आतले तापमान ६५ अंश राहिले तर ३२,००० तास. ऐकायला भरपूर वाटते, पण राउटर रात्रंदिवस चालू असतो. या हिशेबाने पावणेचार वर्षेही पुरी होत नाहीत. त्यातून अडॅप्टर सोफ्यामागे किंवा पडद्याआड कोंडलेला असेल, तर आणखी लवकर. बिघाडात आपला निष्काळजीपणा असतोच असे नाही; वस्तूचा एक भाग आधी म्हातारा होतो, एवढेच.

तपासताना एक फसगत हमखास होते. अडॅप्टर राउटरपासून सोडवून मल्टिमीटर लावला तर काटेकोर १२ व्होल्ट दिसतात आणि अडॅप्टर निर्दोष ठरतो. इमारतीत पाण्याचा दाब कमी असला तरी एकच नळ उघडला तर धार बरी पडते, तसेच हे. खरी परीक्षा भाराखाली होते. त्यासाठी अनुभवी कारागीर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब जोडतात. तो सुमारे ०.८ अँपिअर ओढतो, म्हणून एक अँपिअरच्या अडॅप्टरची कसोटी त्यावर छान लागते. बल्ब पेटल्यावर दाब साडेअकराच्या आसपास टिकला तर ठीक. नऊ-दहावर घसरला तर दोषी सापडला. मल्टिमीटर नसेल तर शेजाऱ्यांकडून त्याच मापाचा अडॅप्टर एक-दोन दिवस मागून घ्या. माझ्या मते घरगुती माणसासाठी याहून चांगली चाचणी नाही.

नवा अडॅप्टर आणताना जुन्यावरचे ‘आउटपुट’ वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. नऊच्या जागी बारा लावले तर राउटर जळू शकतो. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण राउटर हवा तेवढाच प्रवाह ओढतो. कमी असता कामा नयेत. पिनेची खूण पाहा: मध्यभागी अधिक की उणे. पिनेचे बाहेरचे माप बहुधा ५.५ मिलिमीटर असते, पण आतले भोक २.१ किंवा २.५ असू शकते, आणि एवढ्याशा फरकाने जोड सैल बसतो. म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीत जा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, जुना अडॅप्टर बरोबर न्याच. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला स्वस्त माल घेऊ नका. ही वस्तू दिवसरात्र विजेला जोडलेली राहते आणि घरात लहान मुले वावरतात.

जुना अडॅप्टर फोडून कपॅसिटर बदलण्याचा मोह होईल. तो हौशी माणसाने टाळावाच. सॉकेटमधून काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब काही काळ साठलेला राहू शकतो, आणि सीलबंद डबी पुन्हा पहिल्यासारखी बंद होत नाही.

नव्या अडॅप्टरनेही गुण आला नाही, तर राउटरचा जॅक सैल आहे का ते पाहा; तोही ठीक असेल तर दोष आतल्या बोर्डात असेल, ते काम कारागिराचे. बाद ठरलेला अडॅप्टर मात्र ‘असू दे’ म्हणून खणात ठेवू नका. सॉकेटमधून काढून त्याची वायर कापा, म्हणजे चुकून कुणी तो पुन्हा लावणार नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.