घरातील लाकडाची कूज : कारणे, ओळख व उपाय

सिहोरा व त्याच्या आसपासच्या गावांतून दरवर्षी वैशाखात जुन्या घरांची शाकारणी सुरू होते. कवेलू उतरवून ठेवले, म्हणजे वर्षभर झाकलेले वासे, आढे आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके उघडी पडतात. पुष्कळ घरांत त्या वेळी असे आढळते की, वरून धडधाकट दिसणारे तुळईचे टोक बोटाने दाबताच तपकिरी भुशासारखे चुरते. लाकूड तर खडखडीत वाळलेले असते. घरधनी म्हणतो, 'उन्हाने लाकूड मेले.' शेजारी म्हणतो, 'उधई लागली.' मग कोणी शेतातील फवारणीचे उरलेले औषध आणून त्यावर ओततो आणि वरून कवेलू पुन्हा चढवले जातात. निदान चुकल्यामुळे उपाय व्यर्थ जातो, आणि पुढच्या वर्षी कूज हातभर पुढे सरकलेली असते.

हे अज्ञान केवळ खर्चात पाडणारे नाही. त्याच तुळईखाली घरातील माणसे निजतात व मुले अभ्यासाला बसतात. जुन्या कौलारू शाळांच्या ओसऱ्यांचे छप्परही अशाच लाकडांवर उभे असते. म्हणून लाकूड का कुजते, कुजलेले कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे, हे गावातील शिक्षकाला माहीत असणे आवश्यक आहे.

नावामुळे होणारी फसगत

इंग्रजीत या विकाराला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'कोरडी कूज' असा होतो. मराठी पुस्तकांतूनही तो शब्द क्वचित आढळतो. परंतु कोरडे लाकूड कधीही कुजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. लाकूड कुजते ते ओले असताना, आणि आपल्या दृष्टीस पडते ते वाळल्यानंतर. आषाढ-श्रावणात झालेले नुकसान वैशाखात उघडकीस येते, म्हणून दोष उन्हाच्या माथी मारला जातो.

खऱ्या अर्थाने ज्या बुरशीला हे नाव देतात, तिचे शास्त्रीय नाव सर्पुला लॅक्रिमन्स असे आहे. नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अश्रू ढाळणारी' असा होतो. तिच्या अंगावर पाण्याचे थेंब साचतात, त्यावरून हे नाव पडले. दोरीसारख्या तंतूंतून पाणी वाहून नेऊन ती विटांच्या भिंतीपलीकडील लाकडापर्यंतही पोहोचते. युरोपातील घरांची तिने मोठी हानी केली आहे. भारतात तिचे रानटी वास्तव्य हिमालयाच्या थंड जंगलांत आढळते. ती सुमारे २० अंश सेल्सियसच्या आसपास उत्तम वाढते व त्याहून फार अधिक उष्णता तिला सोसत नाही. भंडारा जिल्ह्यातील मे महिन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा हवेत ती तग धरणे कठीण. तात्पर्य, आपल्याकडे घरे कुजतात ती तिच्यामुळे नव्हे, तर उष्ण प्रदेशात वाढणाऱ्या दुसऱ्या बुरशांमुळे. मात्र या सर्वांची मूळ गरज एकच, आणि ती म्हणजे पाणी.

कूज म्हणजे काय

पावसाळ्यात धुऱ्यावर उगवणाऱ्या सात्या सर्व मुलांच्या परिचयाच्या असतात. सात्या म्हणजे बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर जमिनीत पसरलेल्या सुतासारख्या तंतूंचे असते. लाकूड कुजवणारी बुरशीही अशीच. तिचे बारीक तंतू लाकडाच्या आत पसरतात, पाचक रस सोडतात आणि लाकडाचे घटक विरघळवून शोषून घेतात.

लाकूड हे मुख्यतः सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांनी बनलेले असते. पहिले लाकडाला ताण सोसण्याचे बळ देते, दुसरे कणखरपणा देते. काही बुरशा मुख्यतः सेल्युलोज खातात व लिग्निन मागे ठेवतात. तेव्हा लाकूड गडद तपकिरी होते, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे होतात आणि ते चुरगळते. हिला तपकिरी कूज म्हणतात. वैशाखात दिसणारी 'कोरडी' कूज बहुधा हीच असते. दुसऱ्या प्रकारच्या बुरशा लिग्निनही पचवतात. तेव्हा लाकूड फिके, मऊ व रेषाळ होते. तिला पांढरी कूज म्हणतात.

तपकिरी कुजीचा एक विशेष फार घातक आहे. लाकडाच्या वजनात फारशी घट होण्यापूर्वीच त्याचे बळ पुष्कळ कमी झालेले असते. म्हणजे तुळई डोळ्यांना सावरलेली दिसते, तेव्हाच ती भार पेलण्यास असमर्थ होऊ लागलेली असते.

बुरशीला जगण्यासाठी चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि पाणी. अन्न म्हणजे लाकूडच. ते काढून घेता येत नाही. हवा व ऊब घरात असणारच. उरते पाणी. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल, तर कूज सुरू होत नाही; साधारण तीस टक्क्यांच्या आसपास वा त्यावर गेला, की ती जोमाने वाढते. एवढे मात्र खरे की, लाकूड वाळल्याने बुरशी लगेच मरतेच असे नाही. काही जातींचे तंतू दीर्घकाळ निपचित पडून राहतात आणि ओल मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून एकदा वाळवून भागत नाही. लाकूड कायम कोरडे राहील अशी व्यवस्था करावी लागते.

कूज, उधई आणि भुंगेरा यांतील भेद

उपाय करण्यापूर्वी शत्रू ओळखला पाहिजे. उधई म्हणजे वाळवी लागली असेल, तर भिंतीवर किंवा खांबावर मातीच्या नळ्या दिसतात, आणि लाकूड आतून थरांथरांनी पोखरून त्यात माती भरलेली असते. लाकूड पोखरणारा भुंगेरा असेल, तर पृष्ठभागावर बारीक गोल छिद्रे दिसतात व खाली पिठासारखी पूड सांडते. कूज असेल, तर नळ्याही नसतात आणि छिद्रेही नसतात. लाकडाचा रंग बदलतो, चौकोनी भेगा पडतात, कुबट वास येतो आणि पावसाळ्यात पांढरे तंतू किंवा छत्रीसारखी वाढ दिसते. मात्र ओल्या व कुजक्या लाकडाकडे वाळवीही ओढली जाते. त्यामुळे वाळवी दिसली म्हणून कूज नाही, असे समजू नये.

तपासणीची रीत सोपी आहे. टोकदार आरी किंवा पेचकस लाकडात रेषांना आडवा खुपसून उचकटावा. निरोगी लाकडाची लांब चिंब निघते व आवाज होतो. कुजलेले लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यांनी तुटते. हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते.

पाणी येते कोठून

सिहोरा हा धानाचा मुलूख आहे. जवळच चांदपूरचा तलाव, आणि उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. जिल्ह्याचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवा दमट व उबदार असते. म्हणजे बुरशीला हवे तेच हवामान असते. तरीही छपराखालचे, वारा लागणारे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कुजते ते ठरावीक जागीच, आणि त्या जागा शिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली जागा म्हणजे मातीच्या भिंतीत गेलेले तुळईचे टोक. तेथे वारा पोहोचत नाही आणि भिंत ओल धरून ठेवते. मातीच्या भिंतीला अलीकडे सिमेंटचा गिलावा करतात. त्यामुळे आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि लाकडाची टोके अधिकच लवकर कुजतात. दुसरी जागा म्हणजे दाराच्या चौकटीचा पाय व उंबरठा, जेथे पागोळ्यांचे पाणी उडते. तिसरी, जमिनीत पुरलेला खांब. त्यातही मातीच्या पृष्ठभागालगतचा भाग सर्वांत आधी जातो, कारण तेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. चौथी, दोन छपरे मिळतात त्या पन्हळीखालचे वासे. पाचवी, न्हाणी व मोरीलगतची लाकडे.

पूर्वी स्वयंपाकघरातील चुलीची धग व धूर यांनी वरचे वासे रोज सुकत असत. गॅस आल्यामुळे डोळ्यांचा व फुप्फुसांचा त्रास वाचला, हे उत्तमच झाले; परंतु छपराला ती ऊब आता मिळत नाही. म्हणून अशा घरांत झरोके उघडे ठेवण्याची गरज वाढली आहे.

लाकडाची निवड

सर्व लाकडे सारखी टिकत नाहीत. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेने लाकडे जमिनीत पुरून त्यांच्या टिकाऊपणाच्या श्रेणी ठरवल्या. जे सरासरी १२० महिने वा अधिक टिकले ते पहिल्या श्रेणीत, ६० ते १२० महिने टिकले ते दुसऱ्या, आणि त्याहून कमी टिकले ते तिसऱ्या श्रेणीत. साग व बिजा पहिल्या श्रेणीत येतात. आंबा व सावर तिसऱ्या.

सागाच्या गुणाचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या ओक लाकडाच्या युद्धनौका कुजीने जर्जर झाल्या होत्या. इ. स. १८१० मध्ये पाण्यात उतरवलेली 'क्वीन शार्लट' ही मोठी नौका अल्पावधीतच इतकी कुजली की, तिची फार मोठी दुरुस्ती करावी लागली. कच्चे, न मुरलेले लाकूड आणि वारा न खेळणारी तळघरे ही त्याची कारणे होती. उलट मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी सागवानाची बांधलेली व १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे.

मात्र हा गुण सागाच्या गाभ्याचा आहे. गाभ्याभोवतीचे फिकट बाह्यकाष्ठ सागाचे असले तरी लवकर कुजते. कोवळ्या झाडाच्या फळीत बाह्यकाष्ठच अधिक असते. म्हणून 'साग आहे' एवढ्यावर न भागवता, गाभा किती व लाकूड मुरलेले आहे की नाही, हे पाहूनच लाकूड घ्यावे.

उपचाराचा क्रम

प्रथम पाण्याचा मार्ग बंद करावा. फुटके कवेलू बदलावेत, पन्हळ साफ करावी, भिंतीच्या पायथ्याची माती खाली उतरवून पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्यावा. हे न करता केलेला पुढील प्रत्येक उपाय फुकट जातो.

त्यानंतर लाकूड वाळू द्यावे. ओल्या लाकडावर तेलरंग किंवा डांबर फासू नये. त्याने आतील पाणी कोंडले जाते व कूज झाकल्यासारखी होऊन आत वाढत राहते.

मग कुजलेला भाग कापावा. निरोगी लाकूड लागेपर्यंत, आणि त्यापुढेही वीतभर कापणे हिताचे. तुळई कापण्यापूर्वी खालून टेकू देणे अनिवार्य आहे. हे काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावे. नवीन तुकडा मुरलेल्या गाभ्याचा असावा. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा. जुन्या वाड्यांचे खांब टिकले, त्यात तळखड्याचा वाटा मोठा आहे.

औषधे व सावधगिरी

छपराखालच्या, पावसात न भिजणाऱ्या लाकडासाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण उपयुक्त असते. ६० ग्रॅम टाकणखार व ४० ग्रॅम बोरिक आम्ल दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून त्याचे दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, म्हणून बाहेरच्या खांबांना त्याचा उपयोग नाही. हातमोजे वापरावेत आणि द्रावण अन्न, जनावरे व मुले यांच्यापासून दूर ठेवावे. शेतातील कीटकनाशक मात्र घरातील लाकडावर कधीही ओतू नये. ते किड्यांसाठी असते, बुरशीसाठी नव्हे. कूज तशीच राहते आणि घरात विष येते.

तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे प्रसिद्ध मिश्रण सोंटी कामेशम या भारतीय संशोधकाने १९३३ मध्ये शोधून काढले व ते जगभर वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्यामुळे अनेक देशांनी पुढे घरगुती वापरासाठी त्यावर निर्बंध आणले. विकत आणलेले प्रक्रिया केलेले लाकूड हिरवट दिसत असेल, तर त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कदापि जाळू नयेत. त्याच्या धुरात व राखेत विष उतरते. आपल्याकडे उरलेले लाकूड चुलीत घालण्याची रीत असल्याने ही सूचना पालकसभेत आवर्जून सांगावी.

शाळेत काय करता येईल

विज्ञान व गणित या दोन्ही विषयांना हा पाठ जोडता येतो. आंब्याच्या लाकडाचे सारखे तीन तुकडे उन्हात वाळवून तोलावेत. एक कोरड्या मातीत, एक ओलसर मातीत व एक पूर्ण पाण्यात बुडवून, अशा तीन बरण्यांत ते आषाढात ठेवावेत. सहा महिन्यांनी पुन्हा वाळवून तोलावेत. ओलसर मातीतील तुकड्याचे वजन घटलेले दिसेल. कोरड्यातला तसाच राहील. पाण्यातला हवेअभावी फारसा कुजणार नाही. ओलाव्याचे शेकडा प्रमाण काढण्यास मुलांना शिकवावे : ओल्या तुकड्याचे वजन ६५ ग्रॅम व पूर्ण वाळल्यावर ५० ग्रॅम भरले, तर १५ ग्रॅम पाणी ५० ग्रॅम लाकडात होते, म्हणजे ओलावा ३० टक्के. हे लाकूड कुजण्याच्या मर्यादेत आहे, हे मुले स्वतःच सांगतील.

याखेरीज, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी इमारतीची लाकडे जमिनीवरूनच पाहून घ्यावीत. तुळई वाकलेली, टोकाशी काळवंडलेली किंवा भेगाळलेली दिसली, तर त्या खोलीत मुलांना बसवू नये आणि शाळा व्यवस्थापन समिती व जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग यांना लेखी कळवावे. छपरावर शिक्षकांनी किंवा विद्यार्थ्यांनी चढू नये.

शाकारणीच्या वेळी गावातील एखाद्या घरधन्याने चुरगळलेले टोक दाखवले, तर शिक्षकाने त्याला औषधाचे नाव सांगण्याआधी एकच प्रश्न विचारावा : 'पावसाळ्यात येथे पाणी कोठून येते?' त्या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले, तर बहुतेक घरांतील दुरुस्ती थोड्या खर्चात होते व आढे पुढच्या पिढीलाही पुरते.