आलेखाचे वाचन आणि भाकिताची मर्यादा

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख उपलब्ध झाले आहेत. अशा लेखातील एखादे अक्षर झिजले असले, तरी अभ्यासकाला ते बहुधा जुळविता येते. कारण कोरविणाऱ्याला काही सांगावयाचे होते आणि त्याची भाषा इतर लेखांवरूनही ज्ञात आहे. शेअरबाजारातील किमतींचा आलेखही ‘वाचला’ जातो. या दोन वाचनांतील भेद ध्यानात घेतला म्हणजे तांत्रिक विश्लेषणाची मर्यादा स्पष्ट होते.

कंपनीचा नफा, कर्ज, व्यवस्थापन यांचा विचार बाजूस ठेवून केवळ पूर्वीच्या किमती व उलाढाल यांवरून पुढील किमतीचा अंदाज बांधणे, म्हणजे तांत्रिक विश्लेषण. ‘सपोर्ट’, ‘रेझिस्टन्स’, ‘हेड अँड शोल्डर्स’ ही त्याची परिभाषा. चिन्हाला ठरलेला अर्थ असतो, हे या परिभाषेचे गृहीतक होय. परंतु आलेख कोणी एकाने लिहिलेला नसतो. असंख्य खरेदीविक्रींचा तो केवळ अवशेष असतो. १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठातील हॅरी रॉबर्ट्स यांनी यदृच्छेने निवडलेल्या संख्या हेच किमतींतील साप्ताहिक बदल मानून आलेख काढला. तो खऱ्या बाजाराच्या आलेखासारखा दिसला. आकृती दिसली म्हणजे अर्थ असतोच असे नाही, हे यावरून सिद्ध झाले.

तथापि पूर्वीच्या किमती सर्वस्वी निरर्थक होत, असे म्हणणेही अतिव्याप्तीचे ठरेल. काही महिने चढत राहिलेले शेअर पुढील काही महिन्यांत सरासरीने सरस ठरतात, असे जेगदीश व टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी बाजाराच्या अभ्यासातून दाखविले. मात्र हे विधान अनेक शेअरांच्या सरासरीविषयी आहे. एका शेअरच्या उद्याच्या किमतीविषयी नव्हे.

दुसरी मर्यादा बाह्य घटनांची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर विसंबल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांवर गेला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला पुरे करावयाचे वायदे पुरे होऊ शकले नाहीत. त्यापूर्वीच्या किमतींचा कितीही बारकाईने अभ्यास केला असता, तरी त्यांत लीची शरणागती सापडली नसती.

तिसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. पावसाचे भाकीत ऐकून पाऊस आपला विचार बदलत नाही; बाजार मात्र बदलतो. उद्या भाव चढणार यावर पुष्कळांचा विश्वास बसला, तर ते आजच खरेदी करतात आणि उद्याची चढण आजच खर्ची पडते. मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांवर ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी चढला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचा कल वेगळा दिसताच तो सुमारे ४,४०० अंशांनी घसरला.

भाकितांची भाषाही तपासण्याजोगी आहे. ‘ही पातळी टिकली तर भाव चढेल, तुटली तर घसरेल’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या भविष्यकाळी असले, तरी कोणत्याही परिणामाने ते खोटे ठरविता येत नाही. जे खोटे ठरू शकत नाही, ते काही सांगतही नाही. उलट जी भाकिते निश्चित होती, त्यांची परीक्षा आल्फ्रेड कौल्स यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. १६ सल्लासंस्थांच्या सुमारे ७,५०० शिफारशींचे फळ बाजाराच्या सरासरीपेक्षाही किंचित उणे निघाले.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात शेअरांच्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे सर्वच आलेखांवर विसंबून होते असे नाही; परंतु अल्पकालीन भाकिताची किंमत कोण मोजतो, हे त्यावरून कळते. आलेख हा झालेल्या व्यवहारांचा प्रामाणिक इतिहास होय. गुंतवणूकदाराने तो भूतकाळातच वाचावा. आणि भाकीत समोर आले असता, ते कोणत्या परिणामाने खोटे ठरेल, हा प्रश्न प्रथम विचारावा.