एका पुडीत किती जण?

मागच्या वेळी आपण ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्या नात्याबद्दल बोलत होतो. तेव्हा प्रश्न आला होता, की याचा व्यवहारात काही उपयोग आहे का? आहे. आज आपण तो जनुकपेढीत पाहू.

जनुकपेढी म्हणजे बियाण्यांची बँक. जर्मनीत गाटर्सलेबेन इथे अशी एक मोठी पेढी आहे. पुढे कधी लागेल म्हणून तिथे हजारो वाणांचं बी कडक थंडीत ठेवलेलं असतं. त्यातलं आपण रेपसीड घेऊ. हे मोहरीचं भावंड. कोबीची 18 गुणसूत्रं, सलगमची 20 आणि त्यांच्या संकरातून झालेल्या रेपसीडची 38. हे नातं नागाहारू ऊ यांनी 1935 साली मांडलं.

जुन्या रेपसीडच्या तेलात निम्म्याच्या आसपास इरुसिक आम्ल असे. यंत्रांच्या वंगणाला ते उत्तम, खाण्याच्या दृष्टीने शंकेचं. शिवाय पेंडीत ग्लुकोसिनोलेट. मोहरी फेसताना नाकात जातो ना, तो झणका यातूनच येतो. गुराढोरांना, कोंबड्यांना ते जास्त झालं की बाधतं.

आता गंमत बघा. कमी इरुसिक आम्लाची झाडं सापडली ती लिहो नावाच्या जर्मन चाऱ्याच्या वाणात. सगळी झाडं तशी नव्हती, काहीच होती. मूठभर बी दळून सरासरी काढली असती, तर त्या थोड्यांचं वेगळेपण आकड्यात बुडालं असतं. मग दाण्यादाण्याची परीक्षा कशी करायची? परीक्षेत दाणा संपला तर पेरायचं काय? कॅनडात डाउनी आणि हार्वी यांनी 1963 साली याची युक्ती सांगितली: दाण्याचं एक बीजदल काढून तेल तपासायचं आणि अंकुरासह उरलेला भाग लावायचा. अर्धं बी साक्ष देतं, अर्धं जगतं. आम्हाला तरी तर्कशास्त्राच्या कित्येक पुस्तकांपेक्षा ही युक्ती सुंदर वाटते.

कमी ग्लुकोसिनोलेटचा गुण मिळाला ब्रोनोव्स्की या पोलिश वाणात. दोन्ही गुण एकत्र आणून 1974 साली ‘टॉवर’ हे वाण आलं, आणि पुढे कॅनोला. पण त्याची दुसरी बाजूही आहे. जगभरच्या पैदाशीत ग्लुकोसिनोलेट कमी करणारा गुण बहुतेक त्या एका ब्रोनोव्स्कीकडूनच आला. पीक चांगलं झालं आणि अरुंदही झालं. म्हणून आज पुन्हा पेढीतल्या जुन्या पुड्या उघडाव्या लागतात.

उघडल्यावर काय तपासायचं? डीएनएच्या खुणा, तेल, प्रथिनं, आणि उगवण. उगवण हा कोठारवाल्याचा हिशेब आणि वैविध्य हा शास्त्रज्ञाचा, असं आपण सहज धरून चालतो. आम्हाला ही विभागणी चुकीची वाटते. पुडीतलं बी म्हातारं होतं तेव्हा सगळे दाणे एकदम मरत नाहीत. नाजूक आधी जातात. उगवण घटते तेव्हा नुसती संख्या घटत नाही, पुडीतली माणसं बदलतात म्हणा ना! त्यामुळेच उगवण सुरुवातीच्या 85 टक्क्यांखाली जाण्याआधी बी नव्याने पेरून वाढवावं, असा जनुकपेढ्यांचा दंडक आहे.

पण पेरतानाही जपावं लागतं. समजा शंभरात एकच दाणा वेगळ्या गुणाचा आहे. पेढीने वीसच झाडं लावली, तर तो गुण हातून निसटण्याची शक्यता सुमारे 82 टक्के. शंभर लावली तरी 37. तीनशे लावली तेव्हा कुठे ती पाचावर येते. आणि रेपसीड बरंचसं स्वपरागी असलं तरी मधमाश्या शेजारच्या वाफ्यातला पराग आणतातच. म्हणून वाफे जाळीत बंद करायचे. जागा लागते, मजूर लागतात, पैसे लागतात. झाडं कमी लावली तरी पुडीवरचं नाव आणि क्रमांक तेच राहतात, आणि आत कोण उरलं ते नोंदवहीवरून कळत नाही.