मामांचे राहिलेले काम
घाटमाथ्यावरचा जो पाऊस वळवण, लोणावळा आणि शिरोटा येथील तलावांत अडवून, मोठमोठ्या नळांवाटे खाली खोपोलीस उतरवून, 1915 साली मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्याची तजवीज करण्यात आली, तोच पाऊस शिळफाट्याजवळच्या आमच्या मामांच्या कौलारू घरावर दरसाल चार महिने बेमुर्वतपणे कोसळत असतो. दिवाळीनंतर मामांनी त्या घराची दुरुस्ती मोठ्या उमेदीने आरंभिली. मागच्या पाखीची कौले उतरविली, न्हाणीघराची भिंत छातीइतकी चढविली, ओटीची फरशी उखडली. आणि मग गवंडी दुसरीकडे गेला, मामांचा गुडघा धरला व वैशाख उजाडला तरी काम जेथल्या तेथे राहिले.

मदतीस म्हणून मी गेलो खरा, परंतु गेल्या गेल्या फरशीचाच विषय काढून बसलो. मामा शांतपणे म्हणाले, "अरे, मृगाआधी डोक्यावर कौल नको का? फरशी कुठे पळून जात नाही." आप्तांच्या घरी मदतीस जाणारा मनुष्य बहुधा स्वतःस आवडणारे काम उचलतो, आणि यजमानाच्या मनातला क्रम तसाच राहतो. म्हणून आम्ही कॅलेंडरच्या जुन्या पानामागे उरलेल्या कामांची मोजदाद केली. अकरा कलमे निघाली, आणि त्यांतली सात पैशावाचून अथवा कारागिरावाचून अडलेलीच नव्हती! शिडी धरणे, दोरीचे दुसरे टोक ताणणे, कौल वर देणे, ओळंबा सोडला असता तो कोठे टेकतो हे खालून सांगणे, एवढ्यासाठी दुसरा माणूस हवा होता. पूर्वी हीच गरज गावोगाव सावडीने भागत असे: आज मी तुझ्या कामावर, उद्या तू माझ्या. कर्जत-खालापुरातल्या ठाकर-कातकऱ्यांची कारवीच्या कुडाची घरे एकट्याने उभी राहिलेली नाहीत.

पाखीपासून आरंभ केला. गळती शोधण्यात एक गंमत आहे: थेंब जेथे पडतो त्याच्या नेमके वर फुटके कौल असेलच असे नाही, कारण पाणी वाशाच्या पोटाने सरकत जाऊन भलत्याच जागी टपकते. भर दुपारी माळ्यावर अंधार करून पाहिले असता उजेडाचे ठिपके दिसतात. मामा काठी लावून ठिपका दाखवीत आणि मी खडूने रिपेवर खूण करी. मंगळुरी कौले वळचणीपासून आढ्याकडे लावीत जायची, प्रत्येकाची खाच शेजारच्याच्या कंगोऱ्यात बसली की नाही हे हाताने चाचपायचे. वाळवीने पोखरलेल्या दोन रिपा बदलल्या. आढ्यावरचे कोने मात्र गवंड्याकडूनच बसवून घेतले, आणि विजेच्या तारांस आम्हां दोघांपैकी कोणी हात लावला नाही. भाचेपणाने वायरमनचे ज्ञान येत नाही.

न्हाणीघराची भिंत गवंड्याने एका दिवसात पुरी केली, परंतु खरे काम तो गेल्यावर उरले. नव्या सिमेंटला निदान सात दिवस ओले ठेवावे लागते, नाहीतर ते वाळते पण घट्ट होत नाही. हे कंटाळवाणे काम करावयास कोणी राहत नाही, म्हणून कितीतरी भिंती कायमच्या कच्च्या राहतात. मी रजा वाढवून घेतली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारीत राहिलो, मामी खिडकीतून म्हणत, "झाडांना घालतोस तसं घाल रे, भिंतीवर ओतू नकोस."

निघण्याच्या आदल्या दिवशी, मामांचे ऐकून, आढ्यावर चार घागरी पाणी ओतले. माळ्यावर बसलेल्या मामांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग "ठीक आहे" एवढेच खाली आले. यादीतली दहा कलमे त्यांनी खोडली. फरशीपुढे बारीक अक्षरात 'दिवाळी' असे लिहिले, आणि कागद पुन्हा खुंटीला अडकविला.